सहयोगी सभासदाला समितीबाहेर कसं ठेवावं

पाच वर्षं संपत आली, म्हणजे तुमच्याही सोसायटीत निवडणुकीचं वारं सुटलं असणार. सचिवपद तुमच्याकडेच राहायला हवं, यात वादच नाही. टाकीचा वॉल्व्ह तुमच्याशिवाय कुणाला नीट फिरवता येतो? धोका एकच, तिसऱ्या मजल्यावरची सून. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, ही सहयोगी सभासद, आणि हिला म्हणे लिफ्टच्या देखभालीचा हिशेब बघायचाय.

घाबरू नका. ती विचारायला आली की चष्मा पुसत म्हणायचं, "सहयोगींना उभं राहता येत नाही हो, कायदाच तसा आहे." कायद्याचं नाव घ्या, पान उघडू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलंय. त्यात सहयोगी सभासद कोण होऊ शकतो, ते नात्यांसकट लिहिलंय: नवरा-बायको, आई-वडील, भावंडं, मुलं, जावई, पुतणे-भाचे. आणि हो, सूनसुद्धा. (मेहुणा नाही, त्यामुळे तुमच्या मेहुण्याला आत्ताच सांगून टाका.) मूळ सभासदाने आधी लेखी संमती दिली, की सहयोगीला मतही देता येतं आणि उभंही राहता येतं.

तुमचं सगळं भांडवल त्या 'लेखी संमती'त आहे. पत्र आणलं? सही मराठीत, शेअर सर्टिफिकेटच्या अर्जावर इंग्रजीत. सही जुळवून आणली? तारीख नाही. तारीख घातली? कुठल्या निवडणुकीसाठी, ते लिहिलेलं नाही. तिन्ही दुरुस्त करून आली तर पत्र ठेवून घ्या, पोच मात्र देऊ नका. शिक्का खजिनदाराकडे, खजिनदार गावाला, आणि गावाला रेंज नाही. चार दिवसांत अर्जाची मुदत संपते.

शेअर सर्टिफिकेटवर दुसरं नाव असलेला तो सहसभासद आणि नावच नसलेला तो सहयोगी, हा फरक कुणी काढलाच तर "एकच हो ते" म्हणून चहा मागवा.

थकबाकीचं अस्त्र जपून वापरा. लेखी नोटीस हाती पडून तीन महिने पैसे आले नाहीत, तरच माणूस थकबाकीदार ठरतो. तुम्ही नोटीस काढता ती वॉचमनच्या टेबलाखालच्या ड्रॉवरसाठी.

आता एक नाजूक गोष्ट. मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून तुम्ही फ्लॅट वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलात, आठवतं? म्हणजे मागची निवडणूक तुम्ही लढलात ती सहयोगी म्हणून, आणि संमतिपत्र तुमच्याकडे कुणी मागितलंच नाही. या वेळी मागतील. आजच वहिनींची सही घेऊन ठेवा. घरात दिसत नसतील तर तिसऱ्या मजल्यावर बघा. सासूबाईंचं पत्र कसं लिहिलं ते विचारायला गेल्यात, आणि उमेदवारी अर्ज दोन घेतलेत म्हणे.