आगाखानांचा खटला, बोहऱ्यांच्या घरातली हस्तलिखितं आणि आपण

पुण्याचा आगाखान पॅलेस आपल्याला ठाऊक असतो तो गांधीजींच्या स्थानबद्धतेमुळे, महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्यांमुळे. तो १८९२ साली बांधणारे तिसरे आगाखान (ही वंशपरंपरेने चालणारी पदवी आहे) पुण्यात काय करत होते, त्यांच्या आजोबांना इराण सोडून मुंबई का गाठावी लागली, हे शाळेच्या सहलीत कुणी विचारत नाही आणि पुढे मोठेपणीही कुणाला विचारावंसं वाटत नाही. मला हे मनापासून खटकतं. ते ज्या समाजाचे इमाम, म्हणजे वंशपरंपरागत धर्मप्रमुख, होते त्या इस्माइली समाजाचा अलीकडचा इतिहास जितका इराणचा तितकाच मुंबईचा आहे. एवढंच नाही, तर या समाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यासही बऱ्याच अंशी मुंबईतच उभा राहिला. मराठीत त्याबद्दल फारच थोडं वाचायला मिळतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडक्यात ओळख. शिया मुसलमानांमध्ये आठव्या शतकात इमाम जाफर सादिक यांच्या निधनानंतर वारसावरून फूट पडली. त्यांचा मुलगा इस्माइल याच्या वंशाला मानणारे ते इस्माइली. ९०९ साली त्यांनी उत्तर आफ्रिकेत फातिमी खिलाफत स्थापन केली, ९६९ मध्ये इजिप्त जिंकलं, कैरो वसवलं, अल-अझहर ही मशीद बांधली. १०९४ मध्ये पुन्हा वारसाचा वाद झाला आणि दोन शाखा झाल्या. निझारला मानणारे निझारी: आगाखानांचे अनुयायी, आपल्याकडचे खोजा त्यातले. मुस्तअलीला मानणाऱ्यांमधून पुढे आले ते बोहरा. भेंडी बाजारातल्या दाऊदी बोहऱ्याला आणि माझगावच्या खोज्याला आपण एका नजरेने ‘मुस्लिम’ म्हणून मोकळे होतो, पण त्या दोघांच्या वाटा शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी वेगळ्या झालेल्या आहेत.

आता मुद्दा. या लोकांचा इतिहास कित्येक शतकं त्यांच्या शत्रूंनी लिहिला. १०११ साली बगदादच्या अब्बासी खलिफाने जाहीरनामा काढून फातिमींची वंशावळच खोटी ठरवली. त्याच शतकाच्या अखेरीस इमाम गझालींसारख्या थोर विद्वानाने अब्बासी खलिफाच्या सांगण्यावरून त्यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने फातिमी सत्ता संपवली आणि कैरोतली ग्रंथालयं उधळली गेली. इराणच्या डोंगरात इस्माइली नेता हसन सब्बाहने १०९० मध्ये ताब्यात घेतलेला अलमूत किल्ला १२५६ मध्ये मंगोलांपुढे पडला. मंगोल सेनानी हुलागूच्या दरबारातला इतिहासकार जुवैनी त्या किल्ल्याच्या ग्रंथालयात शिरला. कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ आणि खगोलशास्त्राची उपकरणं त्याने बाजूला काढली आणि बाकीचं जाळून टाकलं. हे त्याने स्वतःच अभिमानाने लिहून ठेवलंय. आणि पुढच्यांनी अलमूतचा इतिहास कशावरून लिहिला? त्याच जुवैनीच्या ग्रंथावरून.

मग आला मार्को पोलो. डोंगरावरचा म्हातारा (म्हणजे अलमूतचा प्रमुख), स्वर्गासारखी बाग, गुंगीचं औषध पाजून तयार केलेले मारेकरी, ही गोष्ट जगभर पसरली ती त्याच्या प्रवासवर्णनातून. अलमूत पडला तेव्हा मार्को पोलो जेमतेम दोन वर्षांचा होता, हे मात्र कुणी सांगत नाही. आजही ती गोष्ट मराठी व्हॉट्सॲपवर ‘इतिहास’ म्हणून फिरते. हत्या झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. १०९२ मध्ये तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सल्जूक तुर्कांचा वजीर निझाम-उल-मुल्क याचा खून झाला तो निझारींनी केला असंच मानलं जातं, आणि पुढेही त्यांनी राजकीय हत्या केल्याच. सल्जूकांच्या फौजांसमोर मूठभर किल्ले घेऊन उभ्या असलेल्या माणसांचं ते हत्यार होतं. त्याचा निषेध जरूर करावा. पण ज्या अलमूतला नसीरुद्दीन तुसीसारखा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं राहिला, लिहीत राहिला, ते ठिकाण म्हणजे निव्वळ नशेबाज मारेकऱ्यांचा अड्डा होतं, हे मानायला मी तयार नाही.

मराठी माणसाला यातला अन्याय वेगळा समजावून सांगायची गरज नसावी. समजा, शिवाजी महाराजांबद्दल फक्त मोगल इतिहासकार खाफीखानाचं लिखाण आणि इंग्रज वखारींची पत्रं उरली असती तर? आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळून दप्तरं गोळा केली, बावीस खंडांत साधनं छापली, तेव्हा कुठे मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्या कागदांवरून लिहिता आला.

इस्माइलींच्या बाबतीत हे घडलं विसाव्या शतकात, आणि घडलं ते आपल्या दाराशी. फातिमी काळातले अरबी ग्रंथ कैरोत नष्ट झाले, पण त्यांच्या नकला येमेनमध्ये पोचलेल्या होत्या. सोळाव्या शतकात बोहऱ्यांच्या दाईंची, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंची, गादी येमेनमधून गुजरातेत आली आणि तिच्याबरोबर हे ग्रंथही आले. सुरत, अहमदाबाद आणि पुढे मुंबईतल्या बोहरा घराण्यांनी ते पिढ्यानपिढ्या नकलून जपले. परक्याच्या नजरेला ते पडू देत नसत. त्याला कारण होतं. १६४६ साली औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना बोहऱ्यांचे दाई सय्यदना कुतुबुद्दीन यांना पाखंडी ठरवून अहमदाबादेत ठार मारण्यात आलं. औरंगजेबाने फक्त हिंदूंनाच छळलं असं समजणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. आणि ‘तकिय्या’, म्हणजे जीव वाचवायला श्रद्धा लपवणं, हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनीही. स्वतःची श्रद्धा उघड केली तर मान जाते, हे ज्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं, त्यांनी ती झाकून ठेवली.

या बंद पेट्या उघडण्याच्या कामातली दोन माणसं मला फार जवळची वाटतात. पहिले व्लादिमीर इवानोव्ह. सेंट पीटर्सबर्गच्या आशियाई संग्रहालयात फारसी हस्तलिखितांवर काम करणारा हा रशियन विद्वान क्रांतीनंतर मायदेशाला कायमचा मुकला. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीची सूची करून तो मुंबईत आला आणि १९३१ च्या सुमारास तिसऱ्या आगाखानांनी त्याला इस्माइली साहित्याच्या संशोधनासाठी नेमलं. दोनच वर्षांत, १९३३ साली, त्याने सुमारे ७०० ग्रंथांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. ज्या पंथाचं स्वतःचं लिखाण जवळपास उरलंच नाही असं जगभरचे पंडित धरून चालले होते, त्याचे सातशे ग्रंथ! त्यासाठी त्याला मोठा आधार झाला तो अठराव्या शतकातल्या एका बोहरा विद्वानाने, इस्माइल मजदू यांनी, केलेल्या जुन्या सूचीचा. म्हणजे पायाभूत काम आधीच इथे, या मातीत झालेलं होतं. आपल्या लोकांचं हे श्रेय युरोपीय पंडिताच्या नावाखाली दबू नये असं मला वाटतं. पुढे १९७७ मध्ये इस्माइल पूनावाला यांची सूची आली आणि ग्रंथांची संख्या तेराशेच्या वर गेली.

दुसरे आसफ अली असगर फैजी. जन्म १८९९, माथेरानचा. हो, आपल्या मिनी ट्रेनच्या माथेरानचा! सुलेमानी बोहरा (दाऊदींहून वेगळी शाखा) घराणं, तय्यबजींच्या गोतावळ्यातलं. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, नंतर काश्मीरमध्ये कुलगुरू. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक वकिलीच्या विद्यार्थ्यांना आजही माहीत असतं. पण त्यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे दहाव्या शतकातले फातिमी न्यायाधीश काझी नुमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या कायदाग्रंथाचं संपादन. हा ग्रंथ त्यांनी बोहरांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून सिद्ध केला आणि तो १९५१ आणि १९६० मध्ये दोन खंडांत छापला गेला कैरोत. ज्या शहरात फातिमींची ग्रंथालयं उधळली गेली, तिथेच आठशे वर्षांनी त्यांचा कायदा परत पोचला, आणि तो नेणारा माणूस माथेरानला जन्मलेला. आणखी एक गोष्ट: स्वतःच्या संग्रहातली इस्माइली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. घराण्याचा ठेवा सार्वजनिक करणं सोपं नसतं, त्यातून ज्या समाजात ग्रंथ दाखवणं हाच मर्यादाभंग समजला जाई तिथे तर मुळीच नाही.

आता खोज्यांकडे वळतो, कारण त्यांची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते आपल्यासाठी जास्त महत्त्वाची.

खोज्यांकडे अरबी ग्रंथांचे ढीग नव्हते. त्यांच्याकडे होती गिनानं, म्हणजे गुजराती, सिंधी, कच्छी, हिंदी अशा मिसळीत रचलेली भक्तिपदं. पीर शम्स, पीर सद्रुद्दीन अशा पीरांच्या नावे ती सांगितली जातात, खोजकी नावाच्या लिपीत ती लिहिली जात, आणि जमातखान्यात, म्हणजे समाजाच्या प्रार्थनागृहात, ती रागांच्या चालींवर गायली जात. त्यांतलं ‘दसअवतार’ हे गिनान विष्णूचे दहा अवतार सांगतं आणि दहावा अवतार म्हणून हजरत अलींचं नाव घेतं. या मार्गाला ते म्हणत सतपंथ.

१८४० च्या दशकात पहिले आगाखान, हसन अली शाह, इराणच्या शहाशी फाटल्यावर अफगाणिस्तान आणि सिंधमार्गे मुंबईत आले आणि १८४८ पासून इथेच स्थिरावले. खोजा त्यांना इमाम म्हणून दसोंद, म्हणजे उत्पन्नाचा ठरलेला वाटा, देत. पण मुंबईतल्या काही शिकलेल्या, पैसेवाल्या खोज्यांनी प्रश्न केला: हा माणूस आमचा कोण? आम्ही तर सुन्नी, जमातीची मालमत्ता जमातीची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १२ नोव्हेंबर १८६६ रोजी न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकाल दिला की खोजा हे शिया इमामी इस्माइली असून आगाखान त्यांचे वारसाहक्काने इमाम आहेत. पुराव्यात ‘दसअवतार’ कोर्टासमोर आलं होतं. चारच वर्षं आधी, १८६२ मध्ये, वैष्णव महाराजांनी पत्रकार करसनदास मुळजींवर भरलेल्या गाजलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातही (महाराज लायबल केस) हेच आर्नोल्ड न्यायासनावर होते. चार वर्षांत एकाच इंग्रज न्यायाधीशासमोर दोन गुजराती समाजांचा ‘खरा धर्म’ कोणता याचा काथ्याकूट झाला.

या निकालाकडे बहुतेक जण आगाखानांचा विजय म्हणून पाहतात. मला तो त्याहून वेगळ्या कारणाने मोठा वाटतो. कोर्टाला एकच उत्तर हवं होतं: शिया की सुन्नी? तोवर खोज्यांना असं एक उत्तर द्यावं लागलेलं नव्हतं. लग्न-मयताच्या विधींना सुन्नी काझी, मोहरमला ताजिये, जमातखान्यात दहा अवतारांचं गिनान, आणि वारसाहक्क हिंदू रिवाजाने. १८४७ मध्येच न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी खोजा आणि मेमन मुलींचा कुराणाप्रमाणे वाटा मागण्याचा दावा रिवाजाच्या आधारे फेटाळला होता. त्या मुलींचं नुकसान झालं ते झालंच, रिवाज जुना म्हणून गोड मानायचं कारण नाही. पण १८६६ नंतर कोर्टाने आखलेल्या चौकटीत बसण्याचं काम सुरू झालं. काही खोजा सुन्नी झाले, काही पुढे इस्नाअशरी (बारा इमाम मानणारे) शिया झाले, आणि उरलेल्यांच्या पंथातून अवतारांची भाषा हळूहळू मागे सरकत विसाव्या शतकात जवळपास बाहेर गेली.

अभ्यासातही तेच झालं, ही माझी तक्रार आहे. पंथाचं नाव अरबी-फारसी ग्रंथांवरून उजळलं, म्हणून अरबी-फारसी ते खरं आणि गुजराती-कच्छी ते भेसळीचं, असा एक भाव बराच काळ राहिला. गिनानांचा गंभीर अभ्यास १९७० च्या दशकापासून जोर धरू लागला, आणि तोही मुख्यतः कॅनडा, अमेरिका, इंग्लंडमध्ये. १९७७ मध्ये चौथ्या आगाखानांनी लंडनमध्ये इस्माइली अभ्याससंस्था काढली. तिने केलेलं काम प्रचंड आहे, मी त्यापुढे नतमस्तक आहे. तरीही ज्या संस्थेचा आश्रयदाता खुद्द समाजाचा इमाम, तिथे काही प्रश्न जरा दबक्या आवाजातच विचारले जाणार, हेही ओघाने आलंच. शत्रूंनी लिहिलेला इतिहास पुरा नाही, तसा फक्त घरच्यांनी लिहिलेलाही पुरा नाही.

बोहऱ्यांमध्ये हा ताण जास्त उघड दिसतो. असगर अली इंजिनीअर मुंबई महापालिकेत अभियंता होते, धर्मगुरूच्या घरात जन्मलेले. त्यांनी समाजात राहून धर्मसत्तेला प्रश्न केले, १९८० मध्ये बोहऱ्यांवर पुस्तक लिहिलं, आणि बहिष्कार, हल्ले सोसले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. बोहऱ्यांचे तेव्हाचे दाई सय्यदना यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला आहे. जातपंचायतींविरुद्ध लढून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराचा कायदा केला, त्या लढ्यातल्या किती जणांना या बोहरा प्रकरणाची माहिती असेल? दोन्ही लढे सख्खे आहेत, आणि एकमेकांची ओळखही नाही.

माझं मागणं अगदी साधं आहे. मुंबई विद्यापीठात फैजींनी दिलेला संग्रह आहे, १८६६ चा निकाल या शहराच्या कोर्टातला आहे, पहिल्या आगाखानांची कबर माझगावच्या हसनाबादमध्ये आहे. खानदेशात फैजपूरला सतपंथाचं मंदिर आहे आणि तिथले पाटीदार अनुयायी आज स्वतःला हिंदू मानतात. एकाच झाडाची एक फांदी मुंबईत शिया इस्माइली ठरली आणि दुसरी तापीकाठच्या मुलखात हिंदू राहिली, यावर मराठीत लिहिलेला एक तरी प्रबंध मला वाचायचा आहे. त्यासाठी गुजराती येणारा, खोजकी लिपी शिकायची तयारी असलेला आणि दोन्हीकडच्या माणसांशी आदराने बोलणारा मराठी विद्यार्थी हवा. इतिहासात, समाजशास्त्रात एम. ए. करणारं कुणी ही पोस्ट वाचत असेल आणि विषय शोधत असेल, तर मला जरूर लिहा. माझ्याकडची पुस्तकं वापरायला देईन.