चोवीस तासांच्या खताचा हिशोब

सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम आला. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची असते, त्यामुळे ठाण्यातल्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत नोटीस बोर्डांवर कागद लागले असतील. पार्किंग, गळती, लिफ्टचा एएमसी (वार्षिक देखभाल करार), आणि त्याखाली कुठंतरी सातव्या-आठव्या क्रमांकावर 'ओल्या कचऱ्यासाठी मशीन खरेदी'. सोबत तीन कोटेशनं. त्यातल्या निदान एकावर ठळक अक्षरांत '२४ तासांत खत'. ही पोस्ट त्या एका ओळीबद्दल आहे. कमिटीवर असाल तर सभेआधी वाचा. नसाल तर आणखी बरं, प्रश्न विचारायला मोकळे आहात.

आधी पाण्याचा हिशोब. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात वजनाने साधारण ८० टक्के पाणी असतं. भाजीची देठं, कलिंगडाची सालं, उरलेला भात, चहाचा चोथा, सगळं धरून. म्हणजे १०० किलो कचऱ्यात ८० किलो पाणी आणि २० किलो ऐवज. मशीनमधून दुसऱ्या दिवशी जी कोरडी तपकिरी पावडर निघते तिचं वजन भरतं २३-२५ किलो. मग ७५ किलोच्या वर पाणी गेलं कुठं? वाफ होऊन गेलं. एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट वीज लागते. हे कुठल्याही कंपनीच्या हातात नाही, पाण्याचा गुणधर्म आहे. ७५ किलोला झाली ४७ युनिटं. हीटरची गळती, मोटर, ब्लोअर यात धरलेलेच नाहीत. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला १४ हजार रुपये नुसती कचऱ्याची वाफ करायला.

आता ब्रोशर उघडा. १०० किलोच्या मशीनला 'दिवसाला फक्त १५ ते २० युनिट' असं लिहिलं असेल तर सेल्समनला एवढंच विचारा: बाकीचं पाणी कुठं जातं? एक तर ते गटारात सोडलं जातं, नाहीतर पावडर ओलीच निघते, नाहीतर आकडा खोटा आहे. सूक्ष्मजीव स्वतः उष्णता तयार करतात हे खरं, पण एका दिवसात ते जेमतेम कामाला लागतात.

आणि एवढी वीज जाळून हाती येतं ते खत नसतं. तो वाळवून दळलेला कचरा असतो. वजन घटलं, वास थांबला, घंटागाडीचा प्रश्न मिटला, हे फायदे खरे आहेत आणि काही ठिकाणी तेवढ्यासाठीही ते मशीन घेणं योग्य असेल. हॉटेलला, हॉस्पिटलच्या कँटीनला. पण ही पावडर कुंडीत घातली आणि वर पाणी पडलं की ती पुन्हा कचरा होते. तापते, बुरशी धरते, मुळांजवळचा नायट्रोजन स्वतःच खाते, आणि तुळस पिवळी पडते. मग बागकाम ग्रुपवर 'सोसायटीचं खत वापरू नका' असा मेसेज फिरतो आणि चांगलं खतही बदनाम होतं.

खऱ्या खताला ४० ते ४५ दिवस लागतात. पहिले वीसेक दिवस ढीग तापतो, उरलेले दिवस तो निवतो आणि मुरतो. लोणचं मुरायला वेळ लागतो हे ज्या घरात मान्य असतं त्याच घराला खत मात्र उद्या सकाळी हवं असतं, ही गंमत आहे.

ढीग नीट चालायला दोन गोष्टी जमाव्या लागतात: ओल ५० ते ६० टक्के, आणि कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण ३० च्या आसपास, म्हणजे नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे तीसेक भाग. ओल मोजायला उपकरण नको. मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर भुगा पडला तर कमी.

कचऱ्याची ओल ८० वरून ६० वर आणायची तर त्यात कोरडं काहीतरी घालावं लागतं. इथे बहुतेक मशीनवाले भुसा सांगतात. गणित करून पाहा. १०० किलो कचऱ्यात ८० किलो पाणी. त्यात ४० किलो कोरडा माल घातला, त्याचं स्वतःचं ४ किलो पाणी, म्हणजे १४० किलोत ८४ किलो. बरोबर ६० टक्के. पण तो माल लाकडाचा भुसा असेल तर कार्बनचं प्रमाण पन्नाशीला जातं, कारण भुशात नायट्रोजन जवळपास नसतोच. ढीग थंड पडतो, दोन महिन्यांनीही भुसा भुसाच राहतो. तोच ४० किलो माल वाळलेली पानं असतील तर ओलही ६० आणि प्रमाणही ३०. एकाच मापात दोन्ही कामं. प्रत्यक्षात २०-२५ किलो पानांवर भागतं, कारण कचरा रात्रभर जाळीवर निथळला तर बरंच पाणी जातं आणि थोडं तयार खत परत मिसळता येतं.

आता आपल्याच आवारात बघा. रेन ट्री, बदाम, पिंपळ, सोनमोहर. फेब्रुवारी ते एप्रिल माळी रोज पोती भरून पानं झाडतो, आणि ती पोती एक तर गेटबाहेर जातात नाहीतर कोपऱ्यात पेटवली जातात. मग जूनमध्ये सोसायटी भुसा विकत आणते. तोही अनेकदा फर्निचरवाल्याकडचा, प्लायवूड आणि एमडीएफचा, ज्यात चिकटवायच्या रेझिनचा अंश असतो. भुसा आणायचाच तर लाकडाच्या वखारीतला आणा. पण त्याआधी उन्हाळ्यात पानं श्रेडरमधून (बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून) काढून, पोत्यात दाबून, छपराखाली रचून ठेवा. अशोकाची मेणचट पानं वेगळी ठेवा, ती लवकर कुजत नाहीत. ठाण्याच्या पावसात चार महिने कोरडं पान सोन्याच्या भावाचं होतं आणि बहुतेक प्रकल्प त्याच चार महिन्यांत मरतात. साठा कमी पडला तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि चाळलेलं जुनं खत जोडीला घ्या.

वास आला की लोक मशीनला शिव्या देतात. वासाला भाषा असते, ती शिकून घ्यावी. डोळ्यांत चुरचुरणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त, पानं कमी: पानं घाला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही: उलथा, आणि ओल तपासा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास पहिल्या दोन-तीन दिवसांत येतोच, उरलेला भात-पोळी जास्त असली की हमखास; ढीग तापला की जातो. मात्र आठवडाभर टिकला तर ढीग तापलेलाच नाही. त्यासाठी लांब दांड्याचा थर्मामीटर हवा, जो मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही आणि कोटेशनमध्ये कधीच नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढिगाच्या पोटात ५५ अंश दिसायला हवेत आणि किमान तीन दिवस टिकायला हवेत, तेव्हा रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ६५ च्या वर गेलं की उलथायचं, नाहीतर कामाचे जंतूही मरतात.

आणि कृपा करून फिनाईल शिंपडू नका. हे सर्रास होतं. कोणीतरी तक्रार करतं, सुपरवायझर बादलीभर फिनाईल ओतून येतो, वास दोन तास दबतो आणि आतली सगळी सूक्ष्मजीवसेना गारद होते. चुन्याचंही तेच, चुना पडला की नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, म्हणजे वास वाढतोच. बायोकल्चरच्या, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या, पिशव्या दर महिन्याला विकत घ्यायचीही गरज नसते. पहिल्या महिन्यापुरतं घ्या. नंतर तयार खतातून दहाव्या हिश्श्याएवढं परत मिसळलं की विरजण लागलं.

अळ्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. करड्या-काळपट, तांदळापेक्षा मोठ्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात, त्या कचरा खातात, घरात येत नाहीत. तरी डोळ्यांना नको असतील तर रोजच्या थरावर दोन इंच पानं किंवा जुनं खत पांघरा. मासळीचं, मटणाचं उरलंसुरलं ढिगाच्या मधोमध पुरा, कडेला नको. उंदरांसाठी पाव इंची जाळी लावा. मोठ्या जाळीतून लहान उंदीर आरामात जातो.

मशीन, मग ते चोवीस तासांचं असो की ढिगासाठी कचरा कापणारं, बंद पडतं त्याची कारणं फार साधी असतात. एक म्हणजे मेथीच्या जुडीचं रबर. कोथिंबीर, मेथी, पालक, प्रत्येक जुडीला एक. दोनशे फ्लॅटमधून आठवड्याला शेकडो रबरं येतात, श्रेडरच्या शाफ्टवर गुंडाळली जातात, त्यावर 'कंपोस्टेबल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांच्या चिंध्या बसतात आणि बेअरिंग तापतं. या पिशव्या जिरायला सलग उष्णता आणि महिने लागतात, सोसायटीच्या ढिगात त्या फक्त अडकतात. दुसरं कारण, खरकट्याबरोबर आलेला स्टीलचा चमचा. हॉपरच्या (कचरा टाकायच्या पेटीच्या) तोंडाशी लोहचुंबक लावला तरी स्टेनलेसचा चमचा बहुतेकदा चिकटत नाही, त्यामुळे हाताने निवडणं सुटत नाही. शहाळी, करवंट्या आणि मे महिन्यातल्या आंब्याच्या कोयी श्रेडरमध्ये घालू नका. तिसरं, वायरमन येऊन गेल्यावर थ्री-फेजचे दोन फेज उलटे जोडले गेले की मोटर उलटी फिरते, पातं कापण्याऐवजी ढकलतं आणि सगळे म्हणतात पातं बोथट झालं. आधी फिरण्याची दिशा बघा.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस असतो, आणि कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख 'ऑपरेटर: सोसायटीने पुरवावा' एवढाच. १०० किलोला रोज तीनेक तासांचं काम आहे: निवडणं, कापणं, मिसळणं, उलथणं, चाळणं. हे काम झाडूवाल्याच्या ड्युटीत फुकट ढकललं की तिसऱ्या महिन्यात मशीनवर ताडपत्री पडते. त्याला वेगळे तास, वेगळा पगार, गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हात धुवायला साबण-पाणी द्या. मशीन उघडायच्या आधी मेन स्विच बंद करून त्याची किल्ली त्याच्याच खिशात राहील अशी सवय लावा. डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात, लाल खूण करून बाहेर ठेवणं हे घरातलं काम आहे. ते त्याच्या हातांनी निवडायला लावणं हा माझ्या मते गुन्ह्याइतकाच लाजिरवाणा प्रकार आहे, मग लॉबीत हरित सोसायटीचं प्रमाणपत्र लावलेलं असो.

जागेचं बोलू, कारण खरं भांडण तिथेच आहे. रोज १०० किलो आणि ४०-४५ दिवस म्हणजे जाळीदार खणांसाठी साधारण १० चौरस मीटर, आणि उलथायला, मुरवायला, पानं ठेवायला धरून २५-३०. दोन गाड्यांची, फार तर अडीच गाड्यांची जागा. 'चोवीस तासांत' या शब्दांची खरी किंमत इथे कळते: सोसायटी वेळ विकत घेत नसते, पार्किंग वाचवत असते. तसं असेल तर तसं सभेत उघड बोला आणि वरच्या १४ हजारांशी तुलना करा.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठ्या निर्मात्यांत धरलं आणि मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असं सांगितलं. कारण सोपं आहे. ठाण्याचा कचरा दिव्याला गेला, मग भांडार्लीला, मग आतकोलीकडे. दर वेळी नाकाला रुमाल लावणारी माणसं वेगळी, कचरा आपलाच. त्या डंपिंगच्या ढिगात हवा नसते, म्हणून तिथे मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली, अभिनंदन. पण ताडपत्रीखालची मशीनं त्या क्रमांकात मोजली जात नाहीत.

एक गोष्ट मात्र मशीनवाले आणि पर्यावरणवाले दोघेही सांगत नाहीत. खत चांगलं झालं तर ते फार होतं. १०० किलो कचऱ्यातून पानांसकट २५-३० किलो खत, म्हणजे वर्षाला ९-११ टन. बागेला चौरस मीटरमागे वर्षाला दोन-तीन किलो पुरतं. सगळं जिरवायला एक एकर बाग लागेल, आणि पोडियमवर (पार्किंगच्या छतावर) तेवढी नसते. गिऱ्हाईक आधी शोधा: नर्सरी, शेजारची शाळा, एखादा शेतकरी. तो विचारेल तर दाखवायला प्रयोगशाळेचा रिपोर्ट ठेवा. शहरी कंपोस्टच्या सरकारी मानकात कार्बन-नायट्रोजन प्रमाण २० च्या आत आणि क्षारांचं माप ४ च्या आत लागतं. उरलेल्या आमटी-भाजीतल्या मिठामुळे आपण बहुतेकदा त्या दुसऱ्या आकड्यात नापास होतो.

रिपोर्टआधी घरगुती चाचणी करता येते. सभेत प्रेझेंटेशन झालं की सेल्समनकडून सॅम्पलची पावडर दोन मुठी मागून घ्या. एक मूठ पाण्यात कालवून गाळा. त्या पाण्यात दहा मेथीदाणे, साध्या पाण्यात दहा, ओल्या कापडावर. तिसऱ्या दिवशी मोड मोजा; पावडरच्या पाण्यात कमी आले तर ते खत नव्हे. दुसरी मूठ दाबल्यावर थेंब येईल इतकी ओली करून झिपच्या पिशवीत बंद करा आणि तीन दिवस सावलीत ठेवा. पिशवी गच्चीवर जाऊन उघडा, घरात नको.