एका डॉलरची गोष्ट

मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात वधुपित्याची जी अवस्था होते, तिचा अनुभव मला गेल्या शनिवारी रात्री आमच्याच दिवाणखान्यात आला. दाखवायचा होता तो १९८४ सालचा ‘द टर्मिनेटर’ हा चित्रपट, आणि पाहणाऱ्या पक्षात होती माझी पत्नी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आणि झोप येत नाही म्हणून येऊन बसलेली एक्क्याऐंशी वर्षांची आई.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो नववीत असताना, चाळीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. दोन हिंदी चित्रपट संपले, निम्मी चाळ सतरंजीवरच घोरू लागली, आणि मग कोणीतरी ही तिसरी कॅसेट लावली. ती इतकी झिजलेली होती की पडद्यावर अखंड पाऊस पडत होता. त्या पावसातून तो यंत्रमानव चालत आला आणि पुढचा आठवडाभर मी रात्री चाळीच्या टोकाला असलेल्या संडासात एकट्याने गेलो नाही. असा चित्रपट घरच्यांनी पाहिलाच पाहिजे, असे मला गेली कित्येक वर्षे वाटत होते. आपल्याला वाटते ते घरच्यांनाही वाटलेच पाहिजे, हा माझा जुना दोष आहे.

वधुपिता करतो तसे मी आधी गुणवर्णन केले. सारा चित्रपट अवघ्या चौसष्ट लाख डॉलरांत झाला, याचाच दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन याने पुढे १९९७ साली ‘टायटॅनिक’वर वीस कोटी डॉलर खर्च केले, आणि मुख्य म्हणजे, दिग्दर्शन आपल्यालाच करायला मिळावे या अटीवर त्याने या कथेचे हक्क निर्माती गेल ॲन हर्ड हिला केवळ एका डॉलरला विकले.

“एक डॉलर म्हणजे किती रे?” आईने विचारले.

“त्या वेळचे अकरा-बारा रुपये.”

“त्याच्या घरात कोणी मोठं माणूस नव्हतं का?”

मी घाईने चित्रपट सुरू केला. २०२९ सालातून लॉस एंजेलिसमध्ये आलेला यंत्रमानव, म्हणजे अर्नॉल्ड श्वार्झनेगर, ग्रिफिथ वेधशाळेपाशी उभा राहिला, आणि तो पूर्ण विवस्त्र असतो ही गोष्ट मी इतक्या वर्षांत साफ विसरून गेलो होतो, हे माझ्या त्याच क्षणी ध्यानात आले. मुलाने मोबाइलमध्ये डोके घातले, पत्नीने माझ्याकडे पाहिले. कालयंत्रातून फक्त सजीव देहच पार होतो, निर्जीव वस्तू होत नाही, म्हणून कपडे आणता येत नाहीत. यंत्राच्या सांगाड्यावर जिवंत मांस चढवलेले असल्यामुळे तो मात्र येऊ शकतो, असे शास्त्रीय स्पष्टीकरण मी एका दमात देऊन टाकले. “म्हणजे सोवळंच की,” आई म्हणाली, “पण सोवळ्यालासुद्धा पंचा चालतो.”

यंत्रांविरुद्ध पुढे लढणाऱ्या मुलाला जन्म देण्याआधीच त्याच्या आईला मारायला तो यंत्रमानव आलेला असतो, म्हणून तो टेलिफोन डिरेक्टरीत सारा कॉनर हे तिचे नाव शोधतो. तशा तीन सारा निघतात, आणि नेमकी कोणती हवी हे ठाऊक नसल्यामुळे तो क्रमाने एकेकीच्या घरी जाऊ लागतो. मी श्वास रोखून बसलो होतो. आईला मात्र या साऱ्या रक्तपातामागे एक कारकुनी चूक दिसत होती. मधे वडिलांचे नाव लिहिण्याची पद्धत त्या लोकांत असती, तर दोन निरपराध बायका वाचल्या असत्या, असे तिचे म्हणणे पडले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. आरशासमोर उभा राहून तो यंत्रमानव आपला फुटलेला डोळा पात्याने कापून काढतो, त्या प्रसंगाने नववीत माझे जेवण तोडले होते. आता मोठ्या पडद्यावर, लख्ख चित्रात, ते डोके रबराचे असल्याचे भिंतीवरच्या पालीलाही कळले असते. “बाबा, हा मेणाचा पुतळा आहे,” मुलगा म्हणाला. मग मी सख्ख्या लेकीची बाजू घ्यावी तसा त्या डोक्याची बाजू घेऊ लागलो. चित्रपटांसाठी असे पुतळे घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी ते हातांनी घडवले होते. शेवटी आगीतून लंगडत येणारा सांगाडा म्हणजे काही ठिकाणी तर एकेक चौकट टिपत हलवलेले छोटे बाहुले होते. आज संगणक एका दुपारी जे करील, त्यासाठी त्या लोकांनी बोटे झिजवली होती. पुतळ्याची हनुवटी मधूनच किंचित हलत होती, ती मी जमेस धरायला सांगितली.

मुलाला आवडली ती एकच गोष्ट. यंत्रमानवाच्या नजरेतून दिसणाऱ्या लाल दृश्यावर अक्षरे सरकतात, तिथे त्याने चित्रपट थांबवला, मोबाइलमध्ये काहीतरी पाहिले आणि तो हसत सुटला. ती आज्ञावली ‘६५०२’ प्रोसेसरची होती, म्हणजे २०२९ सालच्या या संहारकाच्या डोक्यात १९७५ साली बाजारात आलेली चीप होती. “डोकं जुनं असलं तरी चालतंय ना,” पत्नी माझ्याकडे पाहत म्हणाली, “काही घरांत तेवढंही होत नाही.”

नायक-नायिकेच्या प्रणयप्रसंगी मी पाणी आणायला उठलो. तो प्रसंग नसता तर पुढची लढाई लढणारा मुलगाच जन्माला आला नसता, म्हणून तो कथेला अत्यावश्यक आहे, हे मी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितले. परत आलो तेव्हा पत्नी झोपी गेली होती.

एकशे सात मिनिटांचा चित्रपट संपायला आम्हाला रात्रीचा एक वाजला. यंत्रमानव दाबयंत्राखाली चिरडला गेला, तेव्हा आईने “दमला बिचारा” एवढेच म्हटले. मुलगा “बरा होता” म्हणून खोलीत निघून गेला. “कळवतो” म्हणणारी स्थळे याच सुरात म्हणतात. शेवटच्या दृश्यात, पोटुशी सारा जीप घेऊन पेट्रोल पंपावर थांबते. एक पोरगा तिचा फोटो काढतो आणि वर पाच डॉलर मागतो. ती त्याला चारच देते.

पेंगत असलेली आई एकदम ताठ झाली. “पाचाचे चार केले बघ,” ती म्हणाली. “त्या एका डॉलरवाल्याने हिलाच घेऊन जायला हवं होतं बोलणी करायला.”