डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवल्याबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानाबद्दल आपण लिहिले आहे की, जुन्या जीपचा बॅटरी चार्ज करणारा चांगला डायनॅमो काढून आम्ही अल्टरनेटर माथी मारला, दोन्ही वीजच तयार करतात तरी नाव बदलून पैसे घेतले, आणि हा नवा भाग दीड महिन्यात जळाला. जळण्याच्या बाबतीत चूक आमची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्ही वीजच तयार करतात, हे खरे आहे. १८३१ साली फॅरडे यांनी दाखवलेल्या एकाच तत्त्वावर दोन्ही चालतात आणि दोन्हींच्या पोटात मुळात एसीच, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, तयार होते. पण डायनॅमोत चुंबकीय क्षेत्र तयार करणारी फील्ड कॉइल बॉडीला स्थिर असते आणि वीज तयार करणारे आर्मेचर फिरते, त्यामुळे सगळा प्रवाह कम्युटेटर (आर्मेचरबरोबर फिरणारे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे) आणि त्याला घासणाऱ्या कार्बन ब्रशमधूनच बाहेर काढावा लागतो व तो कम्युटेटरच एसीचे डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, करतो. अल्टरनेटरमध्ये फील्डचा रोटर फिरतो, वीज स्थिर स्टेटरमध्ये तयार होते, ब्रशमधून फक्त रोटरपुरता काही अँपिअरचा प्रवाह जातो आणि डीसी करण्याचे काम डायोड करतात. कम्युटेटर नसल्यामुळे लहान पुली लावून तो इंजिनच्या दुप्पट-अडीचपट वेगाने फिरवता येतो, म्हणून इंजिन आयडलिंगला असतानाही चार्जिंग मिळते.

आपण जीप आणली ती नेमक्या याच अडचणीसाठी. पावसाळ्यात गगनबावड्याहून रात्री परतले की सकाळी बॅटरी उतरलेली असते, असे आपण सांगितले होते. ६० वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात, शिवाय वायपर आणि इग्निशन कॉइल आहेतच. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर गाडी उभी राहिली की डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली येते, कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) सुटतो आणि सगळा भार एकट्या बॅटरीवर पडतो. आपला डायनॅमो निर्दोषच होता. आपण दिवसा, मोकळ्या रस्त्यानेच गाडी चालवत असता तर मी तो बदलू दिला नसता, कारण जुन्या जीपवर तिचा मूळ डायनॅमोच असावा असे मलाही मनापासून वाटते.

आता जळण्याविषयी. आम्ही अल्टरनेटर उघडला तेव्हा वायंडिंग आणि ब्रश ठीक होते, डायोड मात्र गेले होते. मधल्या काळात बॅटरी काढून बसवताना प्लस-मायनस उलटे जोडले गेले होते, असे आपणच सांगितलेत. अशी चूक डायनॅमोला बहुधा पचते. डायोड मात्र प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतात. बॅटरी उलटी लागली की तिला त्यांच्यातूनच मोकळी वाट मिळते, शॉर्ट होतो आणि ते क्षणात जळतात. चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धतही अल्टरनेटरला घातक आहे, कारण व्होल्टेज एकदम उसळून डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात. वर्षानुवर्षे डायनॅमो सांभाळलेल्या माणसाला हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे, आणि गाडी ताब्यात देताना ते सांगणे आमचे काम होते. आम्ही ते सांगितले नाही, याबद्दल मी आपली माफी मागतो.

डायोड प्लेटचे आणि ती बदलण्याच्या मजुरीचे घेतलेले पैसे आम्ही परत करत आहोत. आपला डायनॅमो आणि कटआउट बिलासोबतच आपल्या हाती द्यायला हवे होते. दोन्ही दुकानात जपून ठेवले आहेत, कृपया घेऊन जावेत. पुन्हा डायनॅमोच बसवायचा असल्यास आम्ही मजुरी न घेता बसवून देऊ. फक्त इंजिन सुरू करण्यापूर्वी फील्डला पोलॅरिटी द्यावी लागेल, म्हणजे बॅटरीचा प्रवाह क्षणभर देऊन तिच्या चुंबकत्वाची दिशा बॅटरीशी जुळवावी लागेल, तेव्हा ते काम इतरत्र घाईत करून घेऊ नये, ही विनंती.