पुन्हा पिनाच!
आज तिसरा शनिवार आणि मी अजून मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, कार्पेटच्या स्टेपल पिनाच उपटतोय! मोटरहोममध्ये कार्पेट घालायचं सुचतं तरी कुणाला? अ‍ॅरिझोनातल्या सेडोनाची लाल माती त्यात अशी मुरते की दहादा व्हॅक्यूम फिरवा, पाय ठेवला की धूळ आहेच. म्हणून कार्पेट काढून खाली बसवायला विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, फळ्या आणल्या. त्या खोक्यात तशाच पडल्यात. वीतभर जागेत सात-आठ पिना! पक्कडीत धरून ओढावी तर मधूनच तुटते, आणि दोन्ही टोकं प्लायवुडमध्ये उभी राहतात, सुईसारखी. कार्पेट आधी अंथरलंय, कपाटं नंतर वर ठोकलीयत, त्यामुळे कडेला सगळं सुरीने कापत बसायचं. स्लाइड-आउटपाशी, म्हणजे गाडी उभी असताना बाहेर सरकणाऱ्या भागापाशी, तर हातच जात नाही. तिथे फळी जरा जाड झाली तर स्लाइड आत येताना तिला खरवडणार. शिवाय गाडी दिवसा तापते, रात्री गारठते. फळ्यांना फुगायला कडेने पाव इंच फट सोडायचीच. काल लेक अनवाणी आत आली आणि टाचेत पिन घुसली. जीव कळवळला माझा. एवढे डॉलर मोजलेल्या गाडीला पहिल्यापासून पुसता येईल अशी जमीन द्यायला काय धाड भरली होती?