बायसन नेमके कुणी संपवले?

वादाला निमित्त झालं पक्याच्या मोबाइलवरचा एक फोटो. १८९२ सालचा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळच्या कारखान्यातला. बायसनच्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांवरच्या रानगव्यांच्या, कवट्यांचा दोन मजली ढीग आणि वर ऐटीत उभा एक माणूस. हाडं खत आणि साखर शुद्ध करायचा कोळसा बनवायला आणलेली.

"सरकारी कारस्थान," पक्याने निकालच लावला. "मैदानातल्या आदिवासींचं अन्न तोडलं की लढाई संपली. अंतर्गत खात्याचा मंत्री डेलानो १८७३च्या अहवालात लिहितो, बायसन नाहीसे झाले तरी मला फारसं वाईट वाटणार नाही."

"अरे, पण मारले कुणी? पैशासाठी आलेल्या शिकाऱ्यांनी," मंदार म्हणाला. "आधी खप होता तो हिवाळ्यातल्या केसाळ कातड्याचा, पांघरायला. १८७१च्या सुमारास कारखान्यांना ते कमावून जाड चामडं करता यायला लागलं. यंत्रांच्या पट्ट्यांना तेच हवं होतं. मग उन्हाळ्यातलं कातडंही चालायला लागलं. १८७२ला रेल्वे कॅन्ससमधल्या डॉज सिटीला पोचली. लांबून बंदुकीने कळपच्या कळप आडवे करायचे, कातडं सोलायचं, मांस तिथेच कुजत."

अण्णा इतका वेळ गप्प होते. "लेको, तुम्ही शेवटच्या दहा-बारा वर्षांवर भांडताय. दक्षिणेकडे १८४०च्या दशकातच कळप रोडावत होते. दुष्काळ, नदीकाठच्या गवतावर हजारो घोडे, आणि आदिवासीही व्यापारासाठी मारायचे. त्यातही माद्या, कारण त्यांचं कातडं कमवायला सोपं. मादीला एका वेळी एकच पिल्लू."

"म्हणजे ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यावरच ढकला!" पक्या उसळला.

इथे मी पक्याच्या बाजूने. दुष्काळ आधीही पडले होते, तरी कोट्यवधी जनावरं टिकली. १८८९च्या मोजणीत अख्ख्या खंडात जेमतेम हजारभर निघाली. उत्तरेचा कळप तर १८८१ला रेल्वे मोंटानातल्या माइल्स सिटीला पोचल्यावर दोन वर्षांत संपला. १८८३च्या शरदात शिकारी नेहमीसारखे सामान भरून निघाले आणि त्यांना मारायला काही सापडेना.

"बरं, १८७४ला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, विधेयक मंजूर केलं होतं," पक्या पुन्हा सुरू. "बिगर-आदिवासींनी माद्या मारायच्या नाहीत. अध्यक्ष ग्रँटने सहीच केली नाही. हा पण बाजारच का?"

"समजा केली असती," मंदार म्हणाला, "तर डॉज सिटीत कातड्यांचे वॅगन अडवायला कोण उभं राहिलं असतं? आदिवासींशी लढणारं तुझं तेच सैन्य?"