बारा ऑगस्टला पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कुठेही जाणार नाही

इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे, कधी हिंदीत, तर कधी त्याच हिंदीचे ओबडधोबड मराठी करून. त्याचा आशय असा: 12 ऑगस्ट 2026 रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार 14 वाजून 33 मिनिटांनी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सात सेकंद नाहीसे होईल. दोन कृष्णविवरांकडून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी एकमेकींना छेदतील, हे त्याचे कारण. माणसे आणि वाहने पंधरा-वीस मीटर वर उचलली जाऊन खाली आदळतील आणि चार कोटी लोक मरतील. नासाला हे 2024 पासून ठाऊक असून ‘प्रोजेक्ट अँकर’ या 89 अब्ज डॉलरच्या गुप्त योजनेतून निवडक लोकांसाठी निवारे बांधले जात आहेत. त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे, हा पुरावा म्हणून शेवटी जोडलेला असतो.

ती वेळ आपल्याकडे रात्री 8 वाजून 3 मिनिटांची आहे. त्या दिवशी आषाढी अमावस्या, म्हणजे आपल्या घरांतली दिव्यांची अवस आणि शेजारच्या हिंदी भाषक घरांतली हरियाली अमावस. आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारले की त्या संध्याकाळी दिवे लावावेत की नाहीत, कारण पेटते दिवे वर उडाले तर घराला आग लागेल. त्यांची भीती खरी होती, म्हणून त्या संदेशातील प्रत्येक विधानाला येथे उत्तर देत आहे.

मूळ विधानच आधी घेऊ. गुरुत्वाकर्षण ही पृथ्वीला बाहेरून पुरवली जाणारी आणि मध्येच खंडित होऊ शकणारी गोष्ट नाही. ते पृथ्वीच्या वस्तुमानामुळे आहे, आणि हे वस्तुमान सुमारे 6 वर चोवीस शून्ये इतके किलोग्रॅम आहे. गाभा, प्रावरण, कवच, समुद्र आणि वातावरण मिळून बनलेले हे वस्तुमान जोवर जागेवर आहे, तोवर ओढही आहे. ती सात सेकंद थांबायची तर तेवढा वेळ पृथ्वीच नाहीशी व्हायला हवी. नासानेही या संदेशाबाबत विचारणा झाल्यावर नेमके हेच सांगितले आहे. संदेशासोबत अंतराळवीर तरंगत असल्याची चित्रफीत फिरते, तिच्यामुळे गैरसमज वाढतो. शुभांशु शुक्ला 2025 च्या जून-जुलैमध्ये ज्या अंतराळ स्थानकावर राहिले, ते सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पृथ्वीभोवती सतत पडत असतात, म्हणून ती तरंगताना दिसतात.

गुरुत्वीय लहरींबद्दलचे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण आपल्या काळातील एका फार मोठ्या शोधाचे त्यात विकृतीकरण झाले आहे. या लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आखडत पुढे जाणारे तरंग, खऱ्या आहेत. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी त्या प्रथम टिपल्या. सूर्याच्या सुमारे 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे 130 कोटी प्रकाशवर्षे दूर एकमेकांत विलीन झाली होती आणि त्या क्षणी सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत बदलले होते. एवढ्या प्रचंड घटनेची लहर पृथ्वीवर पोचली, तेव्हा लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत, म्हणजे मोजणीच्या सरळ नळीच्या लांबीत, पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. त्याच प्रमाणात पृथ्वीचा पावणेतेरा हजार किलोमीटरचा व्यास मोजला, तर तो एका अणूच्या आकाराच्या साधारण दहा हजाराव्या भागाने बदलला असे निघते. शिवाय अशी लहर पृथ्वीची ओढ रद्द करीत नाही. ती जाताना एका दिशेत अंतर किंचित ताणते, काटकोनातील दिशेत किंचित आखडते आणि लगेच उलट करते. अशा दोन लहरी एकमेकींतून गेल्या, तर फार तर हा सूक्ष्म फरक दुप्पट होईल.

आणि हे काही पहिल्यांदा घडणार नाही. 2015 पासून 2025 पर्यंत कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचे सुमारे 300 संकेत, त्यांत पडताळणी व्हायची असलेलेही धरून, नोंदवले गेले आहेत. त्यांतील एक आपल्या सर्वांच्या ओळखीच्या दिवशी आला. 14 जानेवारी 2025 रोजी, ऐन संक्रांतीला, भारतीय वेळेनुसार दुपारी 1 वाजून 52 मिनिटांनी, तोवरची सर्वांत सुस्पष्ट गुरुत्वीय लहर पृथ्वीतून गेली. त्या वेळी इंदूरच्या गच्च्यांवर पतंग उडत होते, घरांत तिळगूळ वाटला जात होता, आणि कोणाच्या हातातील मांजालाही काही जाणवले नाही. शास्त्रज्ञांना मात्र त्या संकेतातून बरेच काही मिळाले. विलीन होण्याआधी दोन्ही कृष्णविवरांचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे 2 लाख 40 हजार चौरस किलोमीटर होते आणि नंतर ते सुमारे 4 लाख चौरस किलोमीटर झाले. कृष्णविवरांचे एकूण पृष्ठफळ कधीही घटत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी 1971 मध्ये मांडले होते, आणि त्याची ही आजवरची भक्कम प्रत्यक्ष तपासणी ठरली. ज्या लहरीने हे दाखवून दिले, तिच्याच जातीच्या लहरीला मृत्यूचे कारण म्हणून फिरवले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नेमक्या मिनिटापर्यंत दिलेली वेळ हीच या संदेशाची सर्वांत कच्ची बाजू आहे, आणि गंमत अशी की बहुतेकांचा विश्वास त्याच नेमकेपणामुळे बसतो. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (विझलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवर पोचली आणि तिच्यामागोमाग 1.7 सेकंदांनी त्याच घटनेतील गॅमा किरण पोचले. 13 कोटी वर्षांच्या प्रवासानंतर एवढेच अंतर उरले, यावरून या लहरी प्रकाशाच्याच वेगाने चालतात हे पक्के झाले. त्यांच्याहून वेगाने पुढे येऊन वर्दी देणारे काहीही नाही. विलीनीकरणाच्या आधीच्या घिरट्यांचा संकेत काही काळ मिळतो हे खरे, परंतु आजच्या वेधशाळांना तो सेकंदाच्या अंशापासून फार तर दीड-दोन मिनिटांपर्यंतच ऐकू येतो. अधिक आधी सूचना देऊ शकणारी लिसा ही अंतराळातील वेधशाळा युरोपीय अंतराळ संस्था 2035 च्या सुमारास सोडणार आहे. मग 2024 मध्ये 2026 मधला मिनिट कोणी आणि कशाने मोजला असेल?

पंधरा-वीस मीटर वर उचलले जाण्याचे गणितही तपासून पाहावे. क्षणभर अशक्य ते शक्य मानू आणि सात सेकंद ओढ थांबली असे धरू. माणसाला वर ढकलणारे त्या वेळी काहीच नसते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला मिळालेला सरळ रेषेतील वेग तेवढा उरतो आणि जमीन त्याच्याखालून वळत जाते. इंदूरच्या सुमारे 22.7 अंश अक्षांशावर यामुळे मिळणारे वरच्या दिशेचे त्वरण साधारण 0.029 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणजे सात सेकंदांत जमिनीपासूनचे अंतर सत्तर सेंटिमीटर. विषुववृत्तावरही ते एक मीटरच्या आतच राहते. हवेच्या आणि जमिनीतल्या दाबाचे परिणाम मी येथे बाजूला ठेवले आहेत, पण संदेशातही त्यांचा उल्लेख नाही. म्हणजे ज्याने हा मजकूर रचला, त्याने स्वतःच्या कल्पनेचाही हिशेब केलेला नाही.

ग्रहणाबद्दलची माहिती तेवढी खरी आहे. त्या दिवशी ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनच्या उत्तर भागातून खग्रास सूर्यग्रहण दिसेल. पण पृथ्वीवर खंडग्रास स्थितीचा आरंभच भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर होतो, संदेशातल्या वेळेच्या तासभर उशिरा, आणि भारतातून ते दिसणारच नाही, कारण सूर्य आणि चंद्र दोन्ही तेव्हा आपल्या क्षितिजाखाली असतील. अमावास्येला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात आणि समुद्राला उधाणाची भरती येते, हे कोकणातल्या मुलालाही ठाऊक असते. सूर्य-चंद्राच्या या ओढीचा परिणाम साठ किलोच्या माणसाच्या वजनात सुमारे दहा-बारा मिलिग्रॅमचा, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा असतो, आणि तो दर अमावास्येला आणि पौर्णिमेला होतच असतो.

गुप्त योजनेबद्दल थोडक्यात सांगतो. नासाचा संपूर्ण वर्षाचा खर्च सुमारे 25 अब्ज डॉलर असतो आणि तो अमेरिकी संसदेत उघडपणे मंजूर होतो. त्यात तीन वर्षांच्या एकूण खर्चाहून मोठी रक्कम लपवायला जागाच नाही.

इंदूरकरांनी तर हा संदेश पुढे पाठवण्याआधी एकदा कॅट रोडकडे पाहावे. राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्याला सगळे शहर ‘कॅट’ म्हणते, ही लायगो-इंडिया, म्हणजे भारतातील लायगो वेधशाळेच्या, प्रकल्पातील भागीदार संस्था आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार असलेली ही वेधशाळा 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर झाली. ज्या लहरींची भीती घातली जात आहे, त्या मोजण्यासाठी आपल्याच गावातील आणि आपल्याच भाषेच्या मुलखातील माणसे काम करीत आहेत, आणि हे आपल्या गटावर एकदाही आलेले नाही.

काकूंना मी सांगितले की दिवे घासून ठेवा, कणकेचे दिवेही करा आणि नेहमीच्या वेळी लावा. ज्योत वर निमुळती उभी राहते, कारण तापून हलकी झालेली हवा वर जाते आणि जड थंड हवा खालून येते. हे गुरुत्वाकर्षणामुळेच घडते, आणि अंतराळ स्थानकावरच्या प्रयोगांत हीच ज्योत गोल होते. त्यांनी आठ वाजून तीन मिनिटांनी ज्योतीकडे पाहायचे ठरवले आहे, आणि मलाही बोलावले आहे.